मदत हवी आहे: निसर्ग निम्मा कार्बन शोषतोच, मग नेट झिरोसाठी उत्सर्जन निम्मे करणे का पुरत नाही?

नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. माणूस वातावरणात जितके हरितगृह वायू सोडतो तितकेच माणसाच्या प्रयत्नाने काढून घेतले गेले की निव्वळ शून्य उत्सर्जन साधते, अशी व्याख्या मी फळ्यावर लिहिली आणि खाली आकडे मांडले: मानवी कारणांनी वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो व त्यातला साधारण निम्मा जंगले, माती आणि महासागर शोषून घेतात. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "बाई, मग उत्सर्जन २० अब्जांवर आणले की झाले ना शून्य?" वजाबाकी तिची चोख होती, आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची, तर कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर यायला हवे. या हिशेबात समुद्र आपणहून जे शोषतो ते धरत नाहीत, एवढे मला ठाऊक आहे. परंतु का धरत नाहीत, हे मुलांना पटेल असे कसे सांगावे?

प्रतिसाद:

तिचे गणित एका वर्षापुरते बरोबर आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या सुमारे २८० पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) आज ४२० च्या पुढे गेले, म्हणून समुद्र इतका कार्बन ओढतो. ते वाढायचे थांबले की पृष्ठभागाचे पाणी हवेशी जुळत येते आणि शोषण मंदावते. म्हणजे २० अब्ज टन चालूच ठेवले, तर त्यातला वाढता वाटा पुन्हा हवेत साचू लागेल. शिवाय प्रमाण स्थिर राहिले तरी समुद्र सावकाश तापत असतो, त्यामुळे तापमान चढतच राहते. याउलट मानवी निव्वळ उत्सर्जन खरोखर शून्य झाले, तर समुद्र व वनस्पती आधीच साचलेला कार्बन हळूहळू ओढतात, प्रमाण थोडे उतरते, आणि समुद्राच्या उरलेल्या तापण्याची त्यातून जवळपास भरपाई होते. तापमान तिथेच थांबते, पूर्वपदावर मात्र येत नाही. (मिथेन हा दुसरा हरितगृह वायू सुमारे १२ वर्षांत विरतो, त्याला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका.)

फळ्यावर शोषणाच्या २० पुढे 'या वर्षी' एवढे दोन शब्द लिहून पाहा. पुढचा प्रश्न बहुधा तीच मुलगी विचारील.