विमा पगाराचा, मग त्यात काय असावं हे मालकाच्या धर्माने का ठरवावं?

पैलतीर

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांचा आरोग्यविमा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या कंपनीकडून येतो. एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या बाईकडे तर बहुतेक वेळा दुसरा सोपा पर्याय नसतो. त्या विम्यात काय मिळेल हे मालकाच्या श्रद्धेवर ठरू शकतं, ही गोष्ट आपल्याही घरात येऊ शकते. तरी आपल्या गप्पांत ती कधी निघत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार प्रतिबंधात्मक सेवा विम्यातून द्यायच्या आणि त्यासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. स्त्रियांच्या यादीत संततिनियमनाची साधनं आली. चर्चना सुरुवातीपासून सूट होती. पण हस्तकलेचं सामान विकणाऱ्या हॉबी लॉबी या ओक्लाहोमाच्या दुकानांच्या साखळीने दावा लावला. मालक ग्रीन कुटुंब, कट्टर इव्हँजेलिकल, रविवारी दुकानं बंद ठेवणारं. वीस साधनांपैकी चारांना त्यांचा विरोध होता: संबंधांनंतर घ्यायच्या दोन गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची दोन साधनं (आपली तांबी त्यातलीच). ३० जून २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला.

मला हा निकाल मुळातच चुकीचा वाटतो. विमा ही मालकाने दिलेली भेट नाही, ती माझ्या कामाची मजुरी आहे. पगाराच्या पैशातून मी गोळ्या घेतल्या तर ग्रीन कुटुंबाचा धर्म बुडत नाही. मग त्याच मजुरीचा दुसरा हिस्सा विम्याच्या वाटेने आला की तो कसा बुडतो? न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात दाखवून दिलं होतं की किमान वेतनावर काम करणाऱ्या बाईला तांबीसारखं साधन बसवायला जवळजवळ महिन्याचा पगार लागतो. दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी बाई तो कुठून आणणार?

ह्यूस्टनकर

पूर्ण असहमत. आधी हे लक्षात घ्या की वीसपैकी सोळा साधनांना त्यांची काहीच हरकत नव्हती. ते बायकांच्या विरोधात आहेत हे चित्रच खोटं आहे. फलित झालेलं बीज म्हणजे जीव असं ते मानतात, आणि ते रुजू न देणारी वस्तू आपल्या पैशाने द्यायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. विमा दिला पण ही चार साधनं वगळली, तर माणशी दररोज १०० डॉलर दंड, म्हणजे वर्षाला सुमारे ४७.५ कोटी डॉलर. याला सक्ती नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

निकालपत्र नीट वाचा. एकही बाई वंचित राहावी असं त्यात म्हटलेलं नाही. धार्मिक ना-नफा संस्थांसाठी सरकारनेच आधी वाट काढली होती: संस्थेने हरकत कळवायची आणि विमा कंपनीने परस्पर खर्च उचलायचा. तीच वाट या कंपन्यांनाही द्या, असं न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलं. बाईला तांबी मिळते, मालकाची सद्सद्विवेकबुद्धीही शाबूत राहते.

उद्या जैन मालकाच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये मटण शिजवायची सक्ती सरकारने केली तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभ्या राहाल?

पैलतीर

कँटीन त्याच्या आवारात आहे, चूल त्याची आहे, तिथे मी मटणाचा हट्ट धरणार नाही. पण पगाराचा भाग म्हणून त्याने जेवणाची कुपनं दिली, तर बाहेरच्या खानावळीत त्या कुपनांवर मी बांगडा खाल्ला की नाही हे त्याने बघायचं नाही. विमा हे कुपन आहे. मी कोणतं साधन घेते हे डॉक्टर आणि मी ठरवतो, ते मालकाला कळायचंही कारण नाही.

शाल्मली

मी इथे स्त्रीरोग विभागात नर्स आहे. वाद चार साधनांचा राहिलेला नाही, म्हणून लिहिते. काही धार्मिक मालक गोळ्यांसह सगळीच साधनं नाकारतात. आमच्याकडे एंडोमेट्रिओसिसची एक पेशंट यायची. पाळीच्या दिवसांत तिला उभं राहवत नसे. तिला गोळ्या दिल्या होत्या त्या दुखणं आवरायला, मूल टाळायला नाही. फार्मसीत कार्ड नाकारलं गेलं. कारण कळवलं की विमा पैसे देईल म्हणाले. डॉक्टरांनी पत्र दिलं, मग आणखी एक फॉर्म, मग पुन्हा नकार. रांगेत मागे माणसं उभी असताना तिला काउंटरवरच्या मुलाला आपल्या पाळीबद्दल सांगावं लागलं. पुढे तिने गोळ्या बंद केल्या आणि महिन्यातून काही दिवस बिनपगारी रजा घ्यायला लागली.

मालकाची श्रद्धा प्रामाणिक असेल, मला शंका नाही. पण ती पाळताना झालेला त्रास मालकाने नाही, तिने सोसला.

एक वैद्यकीय मुद्दा: संबंधांनंतर घ्यायच्या त्या दोन गोळ्यांपैकी प्लॅन बी ही गोळी मुख्यतः बीज बाहेर पडणंच लांबवते. फलित बीज रुजू न देण्याने ती काम करत नाही, असं स्पष्ट करणारा बदल औषध प्रशासनाने २०२२ मध्ये तिच्या माहितीपत्रकात केला.

गोदाकाठ

नाशिकहून लिहितोय. हा वाद आपल्याला परका नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं तेव्हा ते मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. हा प्रचार संस्थेच्या नीतिकल्पनांत बसेना आणि १९२५ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. प्रचार ते कॉलेजबाहेर, स्वतःच्या वेळात करत होते. मालकाची नजर तिथवरही पोचली.

पण मला तुम्ही दोघंही फांदीवर भांडताय असं वाटतं. औषधाचा खर्च कंपनीच्या हाती आहेच कशाला? दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंधनं आली, म्हणून कंपन्यांनी माणसं टिकवायला विमा देऊ केला, पुढे त्यावर करसवलत मिळाली आणि ती रीत कायमची बसली. इथे सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसते. रांग असते, वागणूक प्रत्येक वेळी चांगली मिळतेच असं नाही, पण बाईचा मालक कोणत्या देवाला मानतो हे कोणी विचारत नाही.

ह्यूस्टनकर

गोदाकाठ, ते मला मान्य आहे. सरकारला ही साधनं सगळ्यांना द्यायची असतील तर सरकारने आपल्या पैशाने द्यावीत. १९७० पासून टायटल टेन या कुटुंबनियोजनाच्या सरकारी योजनेखाली तसे दवाखाने चालतातच, ते वाढवा.

शाल्मली, त्या बाईचं झालं ते वाईटच. पण आजारावरचं औषध नाकारणं हा विमा कंपनीचा गलथानपणा आहे, त्याचं खापर श्रद्धेवर फोडू नका.

आणि लिटल सिस्टर्स ऑफ द पुअरचं काय? गरीब म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या नन. त्यांना सरकारने कोर्टाची पायरी चढायला लावायची? २०२० मध्ये त्या ७ विरुद्ध २ ने जिंकल्या. केगन आणि ब्रेयर या उदारमतवादी न्यायमूर्तींनीही त्या निकालाला दुजोरा दिला.

पैलतीर

दुजोरा दिला तो सरकारला सूट देण्याचा अधिकार आहे एवढ्यापुरता. ती सूट तर्काला धरून आहे का याबद्दल केगन यांनी शंका नोंदवलीच होती.

आता तुमच्या त्या "वाटे"बद्दल. २०१४ मध्ये सांगितलं की विमा कंपनी परस्पर देईल, कोणाचं नुकसान नाही. निकालाला आठवडाही झाला नव्हता तोच व्हीटन या ख्रिस्ती कॉलेजला तो हरकतीचा फॉर्म भरण्यापासूनही तात्पुरती सूट मिळाली, कारण फॉर्म भरणं हासुद्धा पापात सहभाग. लिटल सिस्टर्सचं म्हणणंही तेच. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने ती पर्यायी व्यवस्था ऐच्छिक केली: मालकाला नको असेल तर काहीच नाही. २०१८ मध्ये पक्क्या झालेल्या त्या नियमाने ७०,५०० ते १,२६,४०० बायकांचं संरक्षण जाईल हा सरकारचाच अंदाज होता. "एकही बाई वंचित राहणार नाही" हे फार काळ टिकलं नाही.

ज्या १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यावर हे सगळं उभं आहे, तो का आला हेही बघा. ओरेगनमध्ये मूळनिवासींच्या चर्चमध्ये विधी म्हणून पेयोटी हे नशा आणणारं निवडुंग घेतल्यामुळे दोघांची नोकरी गेली, त्यांना बेकारभत्ता नाकारला आणि १९९० मध्ये कोर्टाने तो नकार उचलून धरला. त्यावर देश चिडला, म्हणून कायदा झाला. नोकरी गेलेल्यांच्या प्रकरणातून आलेला कायदा आज नोकरी देणाऱ्यांच्या हातात आहे.

ननबद्दल विचारलंत. त्यांच्या स्वतःच्या विम्यात काय नको ते त्यांनी ठरवावं, मी एक शब्द बोलणार नाही. पण त्यांच्या वृद्धाश्रमात रात्रपाळीत अंथरुणं बदलणारी मदतनीस कॅथलिकच असेल असं नाही आणि तिने कसलंही व्रत घेतलेलं नाही. मी तिच्याबद्दल बोलतेय. टायटल टेनचे दवाखाने वाढवा म्हणता, मलाही चालेल. पण त्याची तरतूद वर्षानुवर्षं आहे तेवढीच आहे आणि २०१९ च्या नियमांनंतर प्लॅन्ड पॅरेंटहूड या कुटुंबनियोजनाचे दवाखाने चालवणाऱ्या संस्थेला त्यातून बाहेर पडावं लागलं. मालकांना सूट देणारं सरकार आणि हे नियम आणणारं सरकार एकच होतं. तो दवाखाना उघडेपर्यंत तिचा विमा काढून घेऊ नका.