ऑइल पेस्टलवर अ‍ॅक्रिलिक टिकत नाहीये, मदत हवी आहे

हेलिकोनिया आणि जास्वंदीवर एक मिक्स मीडिया चित्र करतेय. ३०० जीएसएमच्या वॉटरकलर कागदावर आधी जलरंगाचा पातळ हात दिला, त्यावर टिश्यू पेपरचे तुकडे मॅट मीडियमने (वाळल्यावर न चमकणारं, गोंदासारखं अ‍ॅक्रिलिक द्रव) चिकटवले. इथवर झकास! सुरकुत्यांमुळे जास्वंदीच्या पाकळ्यांना आयता पोत मिळाला.

मग हेलिकोनियाचे लाल-केशरी भाग (दिसतात पाकळ्यांसारखे, पण ती खरं तर फुलांना झाकणारी पानं) ऑइल पेस्टलने (तेलकट रंगखडूने) रंगवले आणि त्यांच्या पिवळ्या कडांसाठी वरून अ‍ॅक्रिलिक लावलं. तिथेच फसलं. रंग थेंबाथेंबाने गोळा होतो, वाळला तरी नखाने निघतो. तेलावर पाण्याचा रंग बसत नाही हे माहीत होतं, तरी घाई नडली.

आता पेस्टल खरवडलं तर खालचा टिश्यू फाटेल. पेस्टलवर फिक्सेटिव्ह (रंग पक्का करणारा फवारा) मारून अ‍ॅक्रिलिक धरेल का, की कडा पेस्टलनेच करू? शिवाय कागद एका बाजूने वाकलाय. मागून मीडियमचा हात दिला तर सरळ होईल का? आणि टिश्यूचा गुलाबी रंग आताच फिकटल्यासारखा वाटतोय, त्यावर यूव्ही वार्निशचा (उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंग जपणाऱ्या लेपाचा) उपयोग होतो का? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.