विषय: कागदावर पहिलाच गुन्हा

प्रेषक: आबा, मुक्काम सातारा

मंडळींनो, नमस्कार.

दिवाळीपासून आम्ही दोघं साताऱ्यातच आहोत, मार्चअखेर परत कॅनडात. कंदी पेढ्यांची यादी लिहून ठेवलीय, पुन्हा आठवण करू नये. हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे.

माझा मामेभाऊ चार वर्षांपूर्वी, २०२१ च्या डिसेंबरात गेला, ते जुन्या लोकांना आठवत असेल. शेतीची लाइट रात्रीची, म्हणून उसाला पाणी पाजायला गेला होता. परतताना नागठाण्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर मागून जीपने उडवलं. मोटरसायकलला खोरं बांधलेलं होतं. गाडीचा चुराडा झाला, खोऱ्याचा दांडा शाबूत. वहिनी अजून तेच खोरं वापरतात.

जीपवाला पिऊन तर्र होता हे गोळा झालेल्या सगळ्यांनी पाहिलं. कागदावर मात्र तो शुद्धीत आहे. केस अजून चालूच. परवा तारखेला गेलो तर साहेब रजेवर, पुढची तारीख फेब्रुवारीत. बाहेर टपरीवर चहाला उभा राहिलो, तर शेजारी तोच. त्याने ओळखलं. ‘काका, घ्या की चहा,’ म्हणाला आणि दोघांचे पैसेही त्यानेच दिले. मला काही सुचलं नाही. चहा मी प्यालो, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर पुतण्याने सांगितलं आणि तो चहा घशाशी आला. यंदा गाळप हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात याच माणसाने उंब्रजच्या बाजूला ऊसतोडीला आलेल्या एका बाईला उडवलं. बाई जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी हा जामिनावर बाहेर, लायसन खिशात. २०१७ मध्येही तो नाकाबंदीत सापडला होता. फुंकायला लावलं, आकडा चढा निघाला, दोन हजार दंड आणि सहा महिने लायसन बंद. एवढं होऊन सातव्या महिन्यात पुन्हा स्टिअरिंगवर.

आपण राहतो त्या कॅनडात पिऊन गाडी चालवून माणूस मारला तर कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. धोकादायक गाडी चालवून मारला तर पूर्वी चौदा वर्षं होती, तीही २०१८ च्या डिसेंबरपासून जन्मठेपेवर नेली. मंडळाच्या वतीने भारतातल्या खासदारांना आणि गृहखात्याला निवेदन पाठवावं असं मला वाटतं. मागणी एकच. दुसऱ्यांदा माणूस मारला की जन्मठेप आणि लायसन कायमचं रद्द. सह्या द्या.

आपला,
आबा


प्रेषक: मिरजेची ताई, मिसिसागा

आबा, सही मी देईनच. पण निवेदन असंच गेलं तर टेबलावर पडून राहील. मी इकडे येण्याआधी सांगलीच्या कोर्टात नऊ वर्षं काढलीत, त्यातली निम्मी अपघाताच्या दाव्यांत. म्हणून जरा लांबण लावते.

तुमच्या भावाची केस जुन्या दंडविधानातल्या ३०४-अ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, अशी चालणार. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, त्याआधीच्या गुन्ह्याला जुनाच कायदा. त्यात जास्तीत जास्त दोन वर्षं. उंब्रजच्या बाईची केस नव्या कलम १०६(१) मध्ये बसते, तिथे पाच वर्षांपर्यंत. दोन्ही जामीनपात्र. पोलिसांनी सदोष मनुष्यवध लावला तर गोष्ट वेगळी, तिथे दहा वर्षांपर्यंत जाता येतं. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये झोपलेल्या सात मजुरांवर गाडी गेली, त्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सदोष मनुष्यवधच धरला. शिक्षा मात्र तीन वर्षं. सात माणसांमागे तीन.

आता मला खरी टोचणारी गोष्ट. न्याय संहितेत कलम १३ आहे. पूर्वी शिक्षा झालेल्याने पुन्हा गुन्हा केला तर वाढीव शिक्षा, थेट जन्मठेपेपर्यंत. पण कुठल्या गुन्ह्यांना? खोट्या नोटा-नाणी आणि मालमत्तेचे गुन्हे. जुन्या कायद्याचं कलम ७५ हेच होतं, इंग्रजांच्या काळापासूनचं. साध्या चोरीतही दुसऱ्या वेळी किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, आणि कमाल शिक्षा तीन वर्षांवरून पाचवर जाते. म्हणजे वहिनींची मोटरसायकल कुणी दोनदा चोरली तर कायदा त्याला सराईत म्हणतो. मोटरसायकलवरचा माणूस दोनदा मारला तर दोन्ही वेळा कमाल तीच.

मोटार वाहन कायद्यात दुसऱ्या वेळेचा विचार आहे, नाही असं नाही. पिऊन चालवण्याला पहिल्यांदा सहा महिने किंवा दहा हजार, दुसऱ्यांदा दोन वर्षं किंवा पंधरा हजार. कलम २१ तर तुमच्यासाठीच लिहिलंय असं वाटेल. आधी शिक्षा झालेल्या माणसावर धोकादायक चालवून जीव घेतल्याची केस दाखल झाली की लायसन आपोआप सहा महिने निलंबित. पण आधीची शिक्षा कलम १८४ खालची, म्हणजे धोकादायक चालवण्याची हवी. तुमच्या माणसाची २०१७ ची शिक्षा १८५ ची, म्हणजे पिऊन चालवण्याची. एका आकड्याने सुटला.

तेव्हा नुसती ‘दुसऱ्यांदा’ म्हणून जन्मठेप मागू नका. ‘दुसऱ्यांदा’ ठरायला पहिल्या केसचा निकाल लागावा लागतो, आणि तो चार वर्षांत लागलेला नाही. त्याच्या हातून दोन माणसं गेली, तरी मृत्यूच्या गुन्ह्यात कागदावर तो अजून निर्दोषच.

एक विचारते. तुमच्या भावाच्या वेळी त्याचं रक्त किती वाजता घेतलं? सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रक्ताच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, पाहिलाय का?


प्रेषक: बापू, ब्रॅम्प्टन

आबा, रामराम. मी जास्त लिहीत नाही, पण ही गाडी माझ्या घरावरूनच चाललीय. मी माण तालुक्यातला. वडील ट्रकवर, मी ट्रकवर, इथेही ट्रकवरच.

२०२४ च्या जानेवारीत हिट अँड रनला दहा वर्षं शिक्षेची बातमी आली आणि ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, आठवत असंल. पेट्रोल पंपावर रांगा लागल्या. पेपरात लिहिलं, ड्रायव्हर लोकांना पळून जायची मुभा पाहिजे. अहो, मुभा कसली? खंबाटकीच्या बोगद्यापुढं त्या एस वळणावर वडलांची गाडी एकदा पलटी झाली. कुणाला खरचटलं बी नाही, तरी लोकांनी कॅबिनमधनं ओढून काढून मारलं. तीन महिने हात गळ्यात. तिथं थांबून पोलिसाची वाट बघायची म्हणजे जिवाचंच काम. दहा वर्षाच्या भीतीनं कोण थांबायचा नाही, उलट जोरात पळंल.

पिऊन चालवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. ऑन्टारियोत जड वाहनाच्या ड्रायव्हरला दारूचा आकडा शून्य पाहिजे, तेरा तासाच्या वर स्टिअरिंग धरायचं नाही, आणि यंत्र ते मोजतं. तिकडं मालक म्हणतो सकाळी माल पोचला पाहिजे, कसा ते तुझं तू बघ. सर्वोच्च न्यायालयानं हायवेपासनं ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको म्हटलं होतं. दुकानाचं तोंड मागल्या बाजूला वळलं. त्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. समदं खापर स्टिअरिंगवाल्यावर फोडताना एवढं लक्षात असू द्या.

आणि एक, कुणाला राग आला तर येऊ द्या. गेल्या थर्टी फर्स्टला मंडळाच्या हॉलच्या पार्किंगात मी सहा जणांच्या चाव्या मागितल्या. दोघांनी दिल्या. चार जण ‘बापू, काही होत नाही, घर जवळच आहे’ म्हणून गेले. त्या चौघांच्या सह्या निवेदनावर असतील तर माझी नको.


प्रेषक: मंडळाची ईमेल-यादी सांभाळणारा

थर्टी फर्स्टच्या विषयावर खासगीत तीन पत्रं आली, दोन रागाची. ती इथे टाकत नाही. चौथं पत्र टाकायची परवानगी मिळाली, नाव न घालता: ‘बापू, त्या चौघांत मी होतो. मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपली होती.’


प्रेषक: आबा, मुक्काम सातारा

ताई, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. पुतण्याकडून कागद मागवले. अपघात रात्री ९:४०. रक्त पहाटे ४:१०. मधल्या वेळात त्याला आधी कुठल्याशा खासगी दवाखान्यात नेलं होतं, छातीत दुखतंय म्हणून. सी.ए. रिपोर्टमध्ये आकडा २२, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात २२ मिलिग्रॅम दारू. कायद्यातल्या तीसच्या आत, म्हणून प्यायल्याचं कलमच उडालं. मी आजवर समजत होतो, रिपोर्टच बदलला. खोटं नव्हे तर, नुसता उशीर?

बापू, तुमचं पटलं म्हणवत नाही, पटलं नाही असंही म्हणवत नाही. तुमच्या वडलांना मारलं ते वाईटच. पण माझ्या भावाला उडवणारा ट्रकवाला नव्हता, स्वतःच्या जीपमधून ढाब्यावरून जेवून निघाला होता. त्याला माल पोचवायचा नव्हता.


प्रेषक: मिरजेची ताई, मिसिसागा

नुसता उशीर, आबा. रिपोर्ट बदलायची गरजच पडत नाही.

शरीर दारू ठरावीक गतीने पचवतं, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम धरतात. साडेसहा तासांत शंभरच्या आसपास उतरते. पहाटे २२ म्हणजे रात्री दहाच्या सुमारास सव्वाशेच्या जवळपास असणार. अर्थात हा अंदाज. माणसागणिक फरक पडतो, आणि आरोपीचा वकील तेवढ्याच फटीतून आत शिरतो.

कॅनडाच्या कायद्याने ही फट कागदावरच बुजवलीय. गाडी थांबवल्यावर दोन तासांहून उशिरा नमुना घेतला तर वरच्या प्रत्येक अर्ध्या तासाला ५ मिलिग्रॅम वाढवून धरायचे. तज्ज्ञ नको, वाद नको. तुमच्या केसला लावून बघा. साडेसहातून दोन तास गेले, उरले नऊ अर्धे तास. पंचेचाळीस. आधीचे बावीस. सदुसष्ट. गंमत बघा, इथली फौजदारी मर्यादा ८० आहे, या हिशेबाने तो इथे सुटला असता. भारतात मर्यादा ३०. तिथे दुपटीहून वर सापडला असता. मर्यादा आपली कडक. पिऊन चालवताना पकडलं तर अटकेपासून दोन तासांत तपासणी करा, नाहीतर सोडून द्या, एवढं कायद्यात आहे. पण उशिरा घेतलेल्या आकड्याचं काय करायचं हे कुणी लिहिलेलं नाही.

म्हणून निवेदनात मी हे आधी घालीन. अपघातापासून किती वेळात रक्त घ्यायचं ते कायद्यात येऊ दे, आणि उशीर झाला तर वाढीव आकडा धरू दे. मग कलम २१ मध्ये १८४ च्या जोडीला १८५ टाका, आणि मृत्यूच्या केसमध्ये निकाल लागेपर्यंत लायसन परत देऊ नका. यात कुणाला तुरुंगात टाकायचं नाही, फक्त चावी काढून घ्यायची आहे. त्यानंतर कलम १३ सारखी वाढीव शिक्षा, पण प्यायलेल्याला आणि शिक्षा भोगूनही सुधारला नाही त्याला. बापूंच्या वडलांसारख्या माणसाला त्यात ओढायचं नाही. आणि बापू, ती पळून जाण्याची दहा वर्षं, कलम १०६(२), सरकारने १ जुलै २०२४ ला बाकी कायदा लागू करताना बाजूला ठेवली. तुमच्या लोकांच्या संपामुळेच.

आबा, जन्मठेप शब्द मी खोडलाय. रागावू नका.

त्या ऊसतोडीच्या बाईच्या घरच्यांना कुणी भेटलंय का?


प्रेषक: आबा, मुक्काम सातारा

ताई, शब्द खोडलात, बरं केलंत की नाही ते उद्या सांगतो. आज चिडलोय.

काल पुतण्याला घेऊन त्या बाईच्या ऊसतोड टोळीकडे गेलो, बीडकडची माणसं. त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, साखर कारखान्याच्या अलीकडे एका माळावर आहेत. नवरा फडात होता. बायको जाऊन महिना झाला नाही, पण जोडीने उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली, ती फिटेपर्यंत गावी जाता येत नाही. आता कोयत्यावर एकटा आहे, मोळ्या बांधायला बारा वर्षांची मुलगी. मुकादम मध्ये मध्ये बोलत होता, ‘मिटलंय ते, समोरच्याने खर्चाला दिलेत.’ किती दिले ते नवऱ्याला विचारलं. त्याने मुकादमाकडे पाहिलं.

मिटवलं म्हणजे काय, ही केस मिटते का?


प्रेषक: मिरजेची ताई, मिसिसागा

नाही मिटत. या कलमात तडजोड चालतच नाही. ‘मिटलं’ याचा अर्थ साक्षीदार कोर्टात म्हणणार, अंधार होता, गाडी ओळखली नाही. पैसे त्याचेच दिलेत.

पण दावा वेगळा आणि फौजदारी केस वेगळी, हे त्या माणसाला नीट समजावून सांगा. नुकसानभरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणात मागायची, ती विमा कंपनीकडून येते. ड्रायव्हर प्यालेला होता म्हणून कंपनी हात वर करू पाहील, पण कोर्टं सहसा तिला आधी यांना द्यायला लावतात, मग पाहिजे तर तिने त्याच्याकडून वसूल करावी. घेतलेल्या खर्चाने तो हक्क जात नाही. घाई मात्र करा, कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातलीय. साताऱ्यातच लावायला हवा असंही नाही, ते राहतात तिकडे बीडलाही लागतो. एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जीपच्या विम्याचा कागद. आणि ती मोळ्या बांधत होती, तिची मजुरी होती हे दाखवा. नाहीतर घरबसली गृहिणी म्हणून रक्कम काढतील.


प्रेषक: बापू, ब्रॅम्प्टन

आबा, उचल किती राहिलीय त्याची? फडातनं मोकळा झाल्याशिवाय त्याला कुठला वकील नि कुठलं कोर्ट. निवेदनावर माझी सही धरा. उचलीचं मला फोनवर सांगा, यादीवर नको.


प्रेषक: आबा, मुक्काम सातारा

बापू, संध्याकाळी फोन करतो.

एफआयआरची प्रत मिळाली. ठाण्यातल्या पोराने विचारलं, तुम्ही बाईचे कोण? मामेभावाचं नाव सांगितलं. त्याने रजिस्टर मागे मागे उलटत नेलं, २०२१ चं काढलं, आणि आरोपीच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ नुसता बघत राहिला. मग दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

पेढे यंदा थोडे कमी येतील, एक बॅग कागदांची आहे.