चाळिसावं लागलं की चाळीस सरली?

प्रभादेवीकर: जन्म 23 ऑगस्ट 1985. 10 मार्च 2025 रोजी वय काय म्हणायचं? घरात 'चाळिसावं चालू', ऑफिसात 'फॉर्टी रनिंग', अर्जावर मात्र 39. यातलं चूक कोणतं?

गिरगावकर: एकही नाही. 'सरली', 'पुरी झाली', 'पूर्ण' हे शब्द होऊन गेलेल्या वर्षांचे. 'लागलं', 'चालू' आणि मागचं '-वं' हे आत्ता सुरू असलेल्या वर्षाचे. 39 सरली तेव्हाच चाळिसावं लागलं. अर्जात नुसतं 'वय' विचारलं तर पूर्ण वर्षंच लिहायची. खरा घोळ घालतो तो 'वाढदिवस'. चाळिसावा वाढदिवस म्हणजे 40 पुरी, आणि त्याच दिवशी एक्केचाळिसावं लागतं. 'चाळिसाव्या वर्षी' आणि 'चाळिसाव्या वाढदिवसाला' यांत वर्षाचं अंतर पडू शकतं, बातम्या लिहिणारे हे सर्रास विसरतात.

सहस्रचंद्रदर्शनही असंच चालू वर्षाचं. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी 29.53 दिवस, हजारांचे झाले 29,530, म्हणजे 80 वर्षं आणि सुमारे 10 महिने. म्हणून 'एक्क्याऐंशीव्या वर्षी' म्हणतात ते बरोबर. 81 पुरी होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

माहीमकर: महिने-दिवसही हवे असतील तर वजाबाकी उजवीकडून करा. 10 मधून 23 जात नाहीत, महिन्याचा हातचा घ्या. इथे बहुतेक जण डोळे मिटून 30 धरतात आणि दोन दिवस जास्त येतात. हातचा मार्चच्या आधीच्या महिन्याचा, म्हणजे 2025च्या फेब्रुवारीचा, 28 दिवसांचा: 38 वजा 23, 15 दिवस. मार्चचे उरले 2 महिने, त्यातून 8 जात नाहीत, वर्षाचा हातचा घेऊन 14 वजा 8, 6. वर्षं 2024 वजा 1985. उत्तर 39 वर्षं, 6 महिने, 15 दिवस.

जन्म 31 जानेवारीचा आणि आजची तारीख 1 मार्च असली तर ही रीत कोलमडते: 1 अधिक 28 मधूनही 31 जात नाहीत. मग जन्मतारखेपासून पुढे मोजत यायचं, आणि 31 नसलेल्या महिन्यात त्याचा शेवटचा दिवस धरायचा.

परळकर: 'दहा हजार दिवस पूर्ण' आणि 'दहा हजारावा दिवस' यांतही तोच फरक. वरच्या जन्मतारखेपासून 10,000 दिवस पूर्ण झाले 8 जानेवारी 2013ला. पण जन्मदिवस पहिला धरला तर दहा हजारावा दिवस 7 जानेवारीचा. मजेमजेत आकडे काढणारी ॲप्स एक दिवसाने भांडतात ती यामुळेच.

कायदा जन्मदिवस पूर्ण धरतो. 1875च्या सज्ञानतेच्या कायद्यानुसार माणूस अठराव्या वाढदिवसाच्या आरंभीच सज्ञान, जन्माची वेळ बघत नाहीत.

वाराचं काय? 23 ऑगस्ट 1985ला शुक्रवार होता. पण जन्म पहाटे तीनचा असेल तर पंचांगात तो गुरुवारच, कारण तिथला वार सूर्योदयाला बदलतो. पत्रिकेत गुरुवार आणि दाखल्यावर शुक्रवारची तारीख दिसली तर दाखला दुरुस्त करायला पळू नका.

प्रभादेवीकर: आणि तिथीने वाढदिवस? तो तारखेशी कधी जुळतो?

परळकर: साधारण दर 19 वर्षांनी, कारण 19 सौर वर्षांत जवळपास नेमके 235 चांद्रमास बसतात. म्हणून 19व्या, 38व्या, 57व्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाने चुकतात. अधिक श्रावणही 2004ला आला, मग 2023ला.

गिरगावकर: मूळ शब्दाकडे येतो. 'चाळिसावं लागलं' म्हणजे 39 पुरी. 'चाळिशी उलटली' म्हणजे चाळीस मागे पडली. आणि 'चाळिशी लागली' असं कुणी म्हणालं तर आधी नाकावर बघा, बहुधा वाचायच्या चष्म्याबद्दल बोलताहेत.