शब्दचर्चा : धमनीचे ‘भरून येणे’ आणि ‘पुनर्घडण’

प्रश्न : पक्षाघाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. वाचक नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतले आहेत. मेंदूच्या धमनीला इजा झाल्यानंतरच्या बदलांना डॉक्टर ‘हीलिंग’ आणि ‘रिमॉडेलिंग’ असे दोन शब्द वापरतात. दोन्हींसाठी ‘दुरुस्ती’ चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालू नये, कारण या क्रिया वेगळ्या आहेत आणि दुसरी प्रत्येक वेळी हिताचीच असते असे नाही. आतल्या अस्तराला इजा झाली की तेथे प्रथम प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तकणिका) चिकटतात. मग शेजारच्या शाबूत अस्तरपेशी सरकत आणि विभागत उघडा भाग झाकू लागतात, तर मधल्या थरातील स्नायुपेशी आत येऊन तंतुमय पदार्थ तयार करतात. यासाठी ‘भरून येणे’ चपखल आहे. मात्र भरलेली जागा पूर्ववत होतेच असे नाही. मेंदूतील धमन्यांच्या भिंतीत बाहेरचा लवचीक पडदा जवळजवळ नसतोच, त्यामुळे अस्तराखालच्या आतल्या लवचीक पडद्यावर फार भिस्त असते, आणि प्रौढ वयात तो तुटला तर पहिल्यासारखा तयार होत नाही. म्हणून ‘वण राहून भरली’ असे लिहिणे अधिक खरे. येथे ‘व्रण’ टाळावा. आयुर्वेदात त्याचा अर्थ जखम, तर आजच्या मराठीत मागे उरलेली खूण.

‘रिमॉडेलिंग’ म्हणजे प्रवाह आणि दाब बदलल्याने भिंतीची जाडी व पोकळीचा व्यास बदलणे. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे राहिला तर लहान धमन्यांच्या भिंती जाड होऊन पोकळी अरुंद होते. उलट मोठी धमनी हळूहळू बंद होत गेली तर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या जोडवाहिन्या वाढत्या प्रवाहामुळे रुंदावू शकतात. ‘सुधारणा’ म्हटले की चांगलेच घडले असे वाटते आणि ‘पुनर्रचना’ कोणीतरी योजून केल्यासारखी भासते. मी ‘पुनर्घडण’ सुचवेन; पत्रकात तर ‘धमनीची घडण बदलते’ एवढे पुरे.

पूरक : नागपुरातल्या धंतोली भागातल्या दवाखान्यांत नातेवाईक ‘धमनी’ म्हणत नाहीत, ‘नस’ म्हणतात, आणि अडचण तिथेच आहे. ‘सलाइनसाठी नस सापडत नाही’ यात नस म्हणजे शीर, ‘कमरेत नस दबली’ यात मज्जातंतू आणि ‘डोक्यातली नस फुटली’ यात धमनी. शाळेच्या पुस्तकांतला धमनीसाठीचा ‘रोहिणी’ हा शब्दही अनेकांना आठवत नाही. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘मेंदूला रक्त पोचवणारी नस, म्हणजे धमनी’ असे लिहून पुढे ‘धमनी’च ठेवावी.

प्रश्नकर्ता : मानेतल्या धमनीचे अस्तर चिरते, तेव्हा ‘फुटली’ म्हणावे की ‘फाटली’?

उत्तर : ‘अस्तर फाटले’ असेच म्हणावे. फुटणे म्हणजे रक्त धमनीबाहेर येणे. येथे ते भिंतीच्या थरांमध्ये शिरते, त्यामुळे पोकळी अरुंद होते किंवा गुठळी धरते. असे अस्तर अनेकदा ३ ते ६ महिन्यांत भरून येते, म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करायला सांगतात. पत्रकात असे वाक्य घालता येईल : ‘आपल्या रुग्णाच्या मानेतल्या धमनीचे आतले अस्तर फाटले आहे; धमनी फुटलेली नाही. अस्तर भरून येत आहे का, हे पाहण्यासाठी पुढची तपासणी चुकवू नये आणि रक्त पातळ करणारे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.’