गुड मॉर्निंग पथकाने नक्की काय साधलं?

माणदेशी_गडी
परवा गावी गेलो होतो, सांगोल्याच्या पलीकडं आमची वस्ती, तिथल्या एका म्हातारीनं सांगितलेलं डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. २०१७ च्या सुमाराला उघड्यावर संडासला बसणाऱ्यांना पकडायला पहाटे गुड मॉर्निंग पथक यायचं ना, बॅटऱ्या मारत शिट्ट्या फुंकत, त्यात ही सापडली. टमरेल टाकून पळाली, पायात सराटं घुसलं आणि मागनं पोरं हसत होती. वर हातात गुलाबाचं फूल दिलं म्हणे. सत्तरीच्या बाईला! आणि गंमत म्हणजे आता तिच्या घरी संडास आहे, १२,००० अनुदान मिळालं, संडासापुढं उभं करून मोबाईलवर फोटो काढून नेला. एप्रिल २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर पण झाला. आता त्या संडासात सरपण आहे. कारण उन्हाळ्यात टँकर, माणशी २० लिटरचा हिशोब, त्यात प्यायचं का ओतायचं? माझं मत सरळ आहे, आधी नळ द्यायचा होता, माणसाची लाज काढून काही होत नसतं.

रिटायर्ड_ग्रामसेवक
मी त्या पथकात होतो. फूल मीही दिलंय, दंडाची पावती पण फाडलीय. शिव्या घाला, पण आधी ऐका. २००० साली आर. आर. आबांनी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा प्रेमानंच सांगितलं होतं की, भजनं केली, झाडू हातात घेतले. नंतर हागणदारीमुक्त गावांना निर्मल ग्रामचे पुरस्कार आले, कमानी लागल्या आणि दोन वर्षांत तीच गावं परत रस्त्याच्या कडेला. दारात बुलेट, शेतात डाळिंबाला ड्रिप आणि संडासाचं विचारलं की "पाणी न्हाई साहेब". अशा माणसाला भजन ऐकवायचं का?
आणि पाण्याचं म्हणाल तर ग्रामीण पॅन येतो, म्हणजे संडासाचं भांडं, जास्त उताराचा, त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. दुकानात सपाट पॅन दिसायला बरा म्हणून लोक तो आणतात, गवंडी पण तोच बसवतो, मग अर्धी बादली ओतली तरी जात नाही. यात पथकाचा काय दोष?

जतची_सून
दोघांनाही सांगते. माझ्या लग्नानंतर पहिली चार वर्षं संडास नव्हता. दुपारी चारनंतर मी पाणी पीत नव्हते, रात्री पोट बिघडलं तर जावेला उठवायचं, ती नसली तर तसंच कळ काढत पडायचं. मामंजींना किती वेळा सांगितलं पण ऐकायला तयार नव्हते. ग्रामपंचायतीतनं दाखले अडवतील अशी आवई उठली तसा आठ दिवसांत खड्डा खणला! म्हणजे भीतीनंच झालं, माझ्या तोंडाकडं बघून नाही झालं. पण माणदेशी दादांचं पण खरंच आहे, संडास आला आणि माझे दोन हंडे वाढले. सासरे नि दीर अजून वावरातच जातात, मोकळं वाटतं म्हणे. त्यांना कुणी फूल दिलेलं मी तरी बघितलं नाही.

पक्का_पुणेकर
१२,००० घ्यायचे आणि सरपण ठेवायचं, हा आमच्या टॅक्सचा पैसा आहे बरं.

गोवंडीवाला
@पक्का_पुणेकर या आमच्याकडं एकदा. घरात जागाच नाही, सार्वजनिकला सकाळी रांग, दरवाज्याला कडी नाही आणि वर प्रत्येक वेळचे पैसे. मुंबईत बायकांना लघवीला पैसे आणि पुरुषांना फुकट, यावर २०११ पासून 'राइट टू पी' वाल्या बायका भांडतायत. टॅक्स साबणावर आम्हीपण भरतो.

नांदेडी
मुद्द्याचं कोणी बोलतच नाही. पथकात सापडलं कोण? ज्याला रान नाही तो. स्वतःच्या उसात बसणाऱ्याला कोण बॅटरी मारायलंय? दुसरं, लोक संडास का वापरत नाहीत, तर खड्डा भरला की उपसायचा कोणी हा प्रश्न मनात असतो आणि उत्तर पण मनात असतं, कोणत्या वस्तीतल्या माणसाला बोलवायचं ते. २०१३ चा कायदा हातानं मैला उचलायला लावायला बंदी करतो, तरी डोक्यातलं जात नाही. म्हणून पैसेवाला खोलीएवढी टाकी बांधतो, जन्मात भरू नये म्हणून, आणि गरीब १२,००० चा संडास जपून ठेवतो, फक्त म्हाताऱ्यांना अन् बाळंतिणीला.

रिटायर्ड_ग्रामसेवक
@नांदेडी त्यासाठीच तर दोन खड्डे सांगतो हो! एक भरायला पाचेक वर्षं, मग मधल्या चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद करायचं, दुसरा चालू. पहिला वर्ष-दीड वर्ष तसाच ठेवला की कोरडं सोनखत होतं, वास नाही काही नाही, मी स्वतः हातात घेऊन दाखवलंय. रानाचं म्हणता ते मात्र मान्य, उसात आम्ही नाही शिरलो. बाकी आकडे बघा, २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ३९ टक्के घरं उघड्यावर जात होती, पुढच्या सर्वेक्षणात १९.

माणदेशी_गडी
१९ म्हणजे पाचातलं एक घर, आणि ते सर्वेक्षण २०१९ ते २१ चं. २ ऑक्टोबर २०१९ ला तर देशातली सगळी गावं हागणदारीमुक्त झाल्याचं साबरमतीला जाहीर केलं होतं. मग ही घरं कुठल्या देशातली?
असो. तुमचं पॅनचं वाचून म्हातारीच्या नातवाला फोन केला, सरपण बाजूला करून फोटो पाठवला त्यानं. सपाटच आहे, पांढरा, शहरातल्यासारखा. दुसरा खड्डा आहे का विचारलं तर म्हणाला झाकण आहे, खाली काय ते कुणी बघितलं नाही.

रिटायर्ड_ग्रामसेवक
झाकण उचलून बघायला सांगा त्याला. बऱ्याच ठिकाणी नुसतं झाकणच ठेवलेलं असतं, मातीवर.