मदत हवी आहे: १४ वर्षांच्या मुलाला फॅटी लिव्हर, जनुकांची तपासणी करावी का?

मुलगा नववीत आहे, वजन ८२ किलो. मागच्या महिन्यात त्याच्या मानेवर काळपट पट्टा दिसला. मळ समजून मी आठवडाभर घासत राहिले. आता आठवलं की जीव कळवळतो. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून डॉक्टरांनी तो पट्टा बघूनच रक्त तपासायला सांगितलं. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढून ८६, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. कावीळ-बिवीळ काही नाही.

तेव्हापासून घरात एकच पालुपद, "खातोच इतका!" पण जाऊबाईंचा मुलगा याच्याहून जाड, त्याचं लिव्हर स्वच्छ. आणि माझे मिस्टर सडपातळ, दारूला शिवत नाहीत, तरी त्यांना फॅटी लिव्हर आहेच. मग हे रक्तातूनच आलंय ना?

वाचून मला जे कळलं ते असं. पीएनपीएलए३ या जनुकाचा फॅटी लिव्हरशी संबंध २००८ साली सापडला. त्यातला एक बदल असला की यकृताच्या पेशींत साठलेली चरबी नीट फुटत नाही, तिथेच साचते. जीसीकेआर या दुसऱ्या जनुकाचं काम वेगळं. यकृतात साखर पुढे ढकलणारं ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम असतं, त्याला हे जनुक आवरून धरतं. त्यात बदल असला तर लगाम सैल पडतो आणि साखरेपासून नवी चरबी जास्त बनते. लठ्ठ किशोरवयीन मुलांत हे तपासलेलंही आहे.

एक लॅब ही तपासणी करून देते म्हणते. करावी का? धाकटी १० वर्षांची आहे, बारीक आहे, तिचंही रक्त तपासू का? आणि मुलाला हे सांगू कसं? तो हल्ली ताटावर मान वर करत नाही.

प्रतिसाद

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, अशी मुलं रोज बघते. तपासणीचे पैसे सध्या ठेवा. निकाल काहीही आला तरी त्याचा उपचार तोच राहील.

जीसीकेआरचं तुम्ही बरोबर लिहिलंय, आणि तेच धरून साखरेकडे बघा. २०१९ साली अमेरिकेत फॅटी लिव्हर असलेल्या ४० मुलग्यांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांची वरून घातलेली साखर ८ आठवडे जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांची २१ वरून २०. यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या मुलांच्या अख्ख्या घराला तेच जेवण दिलं होतं. एकट्याचं ताट वेगळं काढू नका. गूळ, मध, काढलेला रस हीसुद्धा साखरच. अख्खं फळ खाऊ द्या.

धाकटीचं वजन वाढू लागलं तर एसजीपीटी करा, आत्ता नको. मिस्टरांनी मात्र स्वतःचं लिव्हर पोटाच्या डॉक्टरांना दाखवावं. आणि मुलाला त्यांनीच सांगू दे, "मलाही आहे."

धागाकर्ती

काल रात्री सांगितलं त्यांनी. मुलगा म्हणाला, "मग बाबा, तुमचा चहापण बिनसाखरेचा." आज सकाळी दोघांनी तसाच घेतला. सोमवारी मिस्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे.